वाळूतली थाळी

दर रविवारी सकाळी मी सायकलवरून माधवनगरहून सांगलीला जातो, हे माझ्या वर्गमित्रांना ठाऊक आहे. कशाला जातो, हे मात्र मी आजवर कुणाला नीट सांगितले नव्हते. शिकवणी घेत असेन, असा त्यांचा समज. खरे सांगायचे तर मी समुद्र धुवायला जातो!

एका बंगल्याच्या दिवाणखान्यात चारशे लिटरची काचेची पेटी आहे. (बंगल्याचे नाव लिहीत नाही, का, ते पुढे कळेल.) तिच्यावर माझी फी आणि पुस्तके निघतात. वडील यंत्रमागावर आहेत आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. काम साधे : काचेवरचे शेवाळ खरवडायचे, थोडे पाणी काढून नवे भरायचे. नवे पाणी म्हणजे गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ. ते पुन्हा पंचवीस-सव्वीस अंशांवर राहिले पाहिजे. सांगलीचा एप्रिल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या पेटीला पाणी थंड करायचे यंत्र का लागते ते कळेल. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आरं, मागावर मानसाला धड पंखा न्हाई, आन् दगडाला गार पानी?"

तो दगड नव्हे, प्रवाळ. आजीला वाटले, मंगळाच्या अंगठीतले पोवळे. ते लाल पोवळे वेगळ्या कुळातले. हे बशीएवढे, गोल, हिरवट. मालक त्याला 'प्लेट कोरल' म्हणत. शास्त्रातले नाव फंजिया. अळंबीच्या छत्रीखाली असतात तशा धारा याच्या मध्यापासून कडेपर्यंत जातात, म्हणून लॅटिनमधल्या अळंबीवरून ते नाव पडले. बहुतेक प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकल्या जिवांची चाळ. हा मात्र एकटाच एक प्राणी, मध्यभागी चिरेसारखे एकच तोंड. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि राहत्या जागेचे भाडे म्हणून त्यातले बरेचसे घरमालकाला देते. आईला हे सांगितले तर ती एवढेच म्हणाली, "म्हंजे जित्तं हाय व्हय ते!"

गेल्या दिवाळीच्या सुटीत मालकांनी ते आणले आणि पेटीत ठेवायला माझ्या हाती दिले. मी ते सगळ्यांत उंच खडकावर, दिव्याच्या अगदी खाली ठेवले. आमच्या घरी कपाटावर माझा दहावीचा चषक ठेवला आहे, तसे! दिवाणखान्यात शिरताच दिसावे, एवढाच विचार. पुढच्या रविवारी गेलो, तर ते खाली पडलेले. कडेचे मांस फाटून लोंबत होते.

मग कळले की हे प्रवाळ चालते. लहानपणी देठाने खडकाला चिकटलेले असते. वाढले की देठ तुटतो आणि उरलेले आयुष्य ते वाळूवर मोकळे काढते. अंगात पाणी भरून फुगते, अंगावरची वाळू झटकते, इंचाइंचाने सरकते. खडकावर ठेवले की फुगताना ते मऊ अंग दगडाला घासून फाटते. त्याची जागा खाली, वाळूत, मध्यम उजेडात, जिथे पाण्याचा झोत थेट येत नाही तिथे. आणि शेजारच्या प्रवाळापासून वीतभर लांब, कारण ते सरकत जाऊन शेजाऱ्याला भिडते. हे सारे ठेवण्याआधी विचारता आले असते. मी विचारले नाही. कॉलेजात शिकणारा मुलगा, विचारायचे कसे!

पंधरा दिवसांत मांस तपकिरी होऊन विरघळले आणि पांढरा सांगाडा उरला. त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. मालक ओरडले नाहीत, पैसेही कापले नाहीत. "टाकून दे," एवढेच म्हणाले. ओरडले असते तर बरे झाले असते. मला टाकवेना. मी तो सांगाडा मागच्या बाजूला, वाळूत ठेवून दिला.

आपण नेमके काय मारले, ते शोधायला मी ग्रंथालयात बसलो आणि भलतेच हाती लागले. प्रवाळखडक रचणारी सगळी प्रवाळे २००१ साली १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच! मी दर रविवारी एका अर्थाने वाघाचा पिंजरा झाडत होतो, आणि त्याचे पैसे घेत होतो.

जानेवारीत कॉलेजची सहल मालवणला गेली. मी समुद्र प्रथमच पाहिला. मीठ मात्र वर्षभर कालवत होतो! सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. काचेचा चष्मा लावून पाण्यात तोंड घातले. पेटीतल्यासारखे रंग नव्हते. गढूळ हिरव्या पाण्यात तपकिरी पानांसारखे प्रवाळ खडकाला धरून होते, त्यांच्यावर गाळ बसलेला. दिवा नाही, यंत्र नाही. पाणी जास्त तापले की हेच प्रवाळ अंगातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली जगभर तसे झाले, आणि २०२४ मध्ये चौथ्यांदा तसे घडत असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. तिथे पाणी गार करायला कोण जाणार?

परत आल्यावर दोन रविवार मी गप्प राहिलो. दुसऱ्या सत्राची फी भरायची होती, हेही खरेच. तिसऱ्या रविवारी मालकांना कायद्याचे सांगितले. ते बराच वेळ पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मग आता काय, समुद्रात सोडून येऊ?" मी म्हणालो, तेही चालणार नाही साहेब; हे मूळचे कुठले कोण जाणे, आणि पेटीतला रोग तिथे जायचा. "मग सांग ना, काय करू?" मला सांगता आले नाही. वनखात्याला विचारू या, असे मी शेवटी म्हणालो. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. नवे मात्र आणणार नाही, असे म्हणाले. मला कामावरून काढतील असे वाटले होते, काढले नाही. वहिनींनी चहा आणून दिला.

त्याच दिवशी मागची काच खरवडताना तो सांगाडा दिसला. त्याच्या धारांवर हिरवट ठिपके होते. शेवाळ समजून मी ब्रश पुढे केला आणि थांबलो. ठिपक्याला मध्ये चीर होती. सांगाड्याच्या खाचांत कुठेतरी कणभर मांस उरले असावे. त्यातून पिल्ले फुटली होती, देठावर उभी, शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान. मी मालकांना हाक मारली. ते गुडघ्यांवर बसून पाहू लागले.

"किती आहेत?" त्यांनी विचारले.

मी पाच मोजली. परवाच्या रविवारी सात होती.