माझा आवडता छंद : चित्रकथेची मूळ पाने

'माझा आवडता छंद' हा निबंध तुम्ही पाचवीपासून लिहीत आला आहात. तपासताना मला त्यात बहुतेक वेळा पोस्टाची तिकिटं, नाणी, वाचन आणि क्रिकेट एवढंच सापडतं. आज माझ्या एका वेगळ्या छंदाबद्दल लिहिते. मी चित्रकथांची मूळ पानं जमवते. मूळ पान म्हणजे छापलेलं पुस्तक नव्हे, तर चित्रकारानं स्वतःच्या हातानं कागदावर काढलेलं, छापखान्यात कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं पान.

आपल्याकडे या पानांची गोष्ट मोठी आहे. 1967 साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यातला 'कृष्ण' राम वाईरकरांनी रंगवला. 1980 मध्ये 'टिंकल' आलं आणि त्यातला तुमचा लाडका सुप्पंडीही पहिल्यांदा वाईरकरांच्याच हातून उतरला. प्रताप मुळीकांनी पौराणिक आणि ऐतिहासिक कथा काढल्या, पुढे नागराजही काढला. त्याआधी 1964 पासून 'इंद्रजाल कॉमिक्स' होतं. त्यातला वेताळ मराठीत वाचत आमच्या आधीची पिढी मोठी झाली. 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये चिंटू आला. एवढी हजारो पानं काढली गेली, पण मूळ कागद फारसे कुठे दिसत नाहीत. पुस्तक छापून झालं की मूळ पानाचं काम संपलं, असंच तेव्हा सगळ्यांना वाटे. परदेशातही हेच होतं. जॅक कर्बी या अमेरिकन चित्रकाराला आपल्याच पानांसाठी प्रकाशकाशी काही वर्षं झगडावं लागलं, तेव्हा 1987 च्या सुमारास हजारो पानांपैकी साधारण दोन हजार परत मिळाली. आता तिकडे किमती बघा : 2022 मध्ये स्पायडरमॅनचं एक पान 33 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं.

मूळ पान ओळखायचं कसं? सोपं आहे. भिंग घ्या. छापील चित्रात रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतात. मूळ पानावर शाईची रेघ सलग असते, आणि पान तिरपं धरलं तर ती किंचित चमकते. शाईखाली पेन्सिलीची पुसट खूण असते. कुठे पांढऱ्या पोस्टर रंगाचा थर दिला असतो, म्हणजे तिथे चित्रकारानं काहीतरी झाकलंय. कुठे ब्लेडनं खरवडलेलं असतं. काही जण आधी फिक्या निळ्या पेन्सिलीनं आखत, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नसे. पान बहुधा छापील आकारापेक्षा मोठं असतं, लहान करून छापलं की रेघ रेखीव दिसते म्हणून. मला तर छापील पुस्तकापेक्षा हे झाकलेलं, खरवडलेलं बघायलाच जास्त आवडतं. तिथे चित्रकार विचार करताना सापडतो.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या पानाबद्दल. आमच्या आचोळ्यात स्टेशनकडे जाताना एक रद्दीचं दुकान होतं. तिथे जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात मला एक जाड कागद मिळाला. रद्दीवाल्यानं तो वजनावर न देता पन्नास रुपये मागितले, तेवढी पारख त्याला होती! विषय आपल्या वसईचाच, 1739 ची चिमाजी अप्पांची स्वारी. सेबॅस्टियन बुरुजाखालचा सुरुंग उडालाय, दगड आकाशात गेलेत, खाली मावळे जमिनीला टेकलेत. शेवटच्या चौकटीत एका मावळ्याचा चेहरा पांढऱ्या रंगानं झाकून पुन्हा काढलेला. पानाच्या मागे दुधाचा हिशेब, दोन निरनिराळ्या अक्षरांत.

वसईच्या एका संग्राहकानं ते पान बघून बारा हजार रुपये देऊ केले. शिक्षकाच्या घरात बारा हजार म्हणजे कमी नव्हेत, हे तुम्हाला सांगायला नको. पण तेवढ्यात मला आपल्या कायद्यातली एक गोष्ट आठवली. कॉपीराइट कायदा, 1957 यात कलम 53अ आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. अट एकच, चित्राचे हक्क आधी चित्रकाराकडेच असायला हवेत. पगारावर काम करणाऱ्या चित्रकाराचे हक्क बहुधा मालकाकडे जातात, म्हणून ज्यांना खरी गरज असते तेच नेमके सुटतात. मला हा कायदा अर्धवट वाटतो. पण त्यानं माझ्या मनात वारस हा शब्द घातला.

पानाच्या कोपऱ्यात सही होती. तिच्यावरून शोधत शोधत, जुन्या अंकांतून आणि दोन ओळखीच्या लोकांकडून, मी चित्रकाराच्या मुलापर्यंत पोचले. ते आता सत्तरीचे आहेत. फोनवर म्हणाले, "बाई, आमच्या घरात बाबांचं एकही पान नाही. सगळी छापखान्यात गेली, परत कोणी दिली नाहीत." पुढच्या रविवारी ते विरार लोकल पकडून आले. मी पान टेबलावर ठेवलं. त्यांनी सुरुंगाकडे फार बघितलं नाही. पान उलटवलं, दुधाच्या हिशेबावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वरचं अक्षर आईचं."

पान त्यांनी नेलं. पैशांचा विषय त्यांनी काढला होता, मी पन्नास रुपये घेतले. माझ्याकडे आता चांगला स्कॅन आहे. खोटं कशाला बोलू, स्कॅन तिरपा धरला तर काहीच चमकत नाही.

तुम्हालाही हा छंद लावायचा असेल, तर महागड्या पानांपासून सुरुवात करू नका. पानाला सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. उन्हात टांगू नका, रंग उडतो. आपल्या नालासोपारा-वसईच्या पावसात दमट हवा हा मोठा शत्रू. 2018 च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा मी कपाटातली सगळी पानं माळ्यावर चढवली होती. कागद सपाट, आम्ल नसलेल्या कागदात ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळतात ती सिलिका जेलची पुडी टाकून द्या म्हणतात ना, ती टाकू नका, पानांच्या डब्यात ठेवा.

सुरुवात तर घरातच होते. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांनी आचोळे तलावावर चित्रकथा काढल्या. एकानं गणपती विसर्जनाचं पान काढलं, त्यात ढोलवाल्याचा हात तीनदा खोडून काढलाय. ती एकेचाळीस पानं मी शाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहेत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नाव, इयत्ता आणि तारीख आहे.