परतीचे पाणी

माझे बालपण वाडीत गेले. घरामागे बावखल होते, पुढच्या अंगणात विहीर होती आणि केळीच्या बागेतून पाटाचे पाणी दिवसभर झुळझुळत असे. पाणी मोजून वापरायचे असते, हे मला कोणी शिकवले नाही. शिकवण्याची वेळच आली नाही. पुढे गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, उपवासाचे नियम कलमांसह पाठ केले. परंतु भुकेची आणि तहानेची खरी ओळख व्हायला वयाची पन्नाशी उलटावी लागली. ती ओळख मला एका होडीने करून दिली.

त्या वर्षी माझी बदली किनाऱ्यावरच्या एका कोळी धर्मग्रामात झाली होती. प्रायश्चित्तकाळातील पहिल्याच रविवारी मी प्रवचनात जरा कठोर बोललो. ‘शुक्रवारी मटण सोडून मासळी खाणे हा तुमच्यासाठी कसला त्याग? मासळी तर तुम्ही रोजच खाता. खरा उपवास करायचा असेल, तर एक दिवस पोट रिकामे ठेवून कामाला जा,’ असे काहीसे माझे शब्द होते. लोकांनी माना खाली घातल्या. मला वाटले, शब्द लागले.

मिस्सा संपल्यावर एक तांडेल सॅक्रिस्टीत आले. वय पासष्टीच्या घरात, उन्हाने रापलेला चेहरा, आवाज मात्र अतिशय मृदू. ते म्हणाले, “फादर, तुम्ही सांगितलंत ते चांगलंच आहे. पण रिकाम्या पोटी जाळं ओढवत नाही. एक दिवस आमच्याबरोबर दर्यावर या. मग सांगा, आम्ही काय सोडायचं ते.”

मी एप्रिलमध्ये एका पहाटे गेलो. तीन वाजले होते. तांडेलांच्या घरात दिवा जळत होता आणि त्यांची पत्नी भाकऱ्या भाजत होती. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या एकीवर एक रचून तिने फडक्यात बांधल्या. एका डब्यात सुकटीची चटणी, एका पिशवीत कांदे, हिरव्या मिरच्या, चिंच. दुसऱ्या पिशवीत तांदूळ, चहापूड, साखर, मीठ, मसाला. मी विचारले, “भाजी नाही?” ती हसली. “भाजी दर्यात आहे फादर. ती मिळेपर्यंत सुकट.”

पाण्याचे दोन कॅन होते. एक वीस लिटरचा, दुसरा दहा लिटरचा. लहान कॅन तांडेलांनी स्वतः उचलून मागच्या बाजूला, सावलीत, दोरीने बांधला. मला वाटले, जागा नसेल म्हणून तिथे ठेवला असेल.

होडीवर आम्ही सहा जण होतो. सर्वांत धाकटा खलाशी डहाणूकडचा आदिवासी मुलगा. वय फार तर एकोणीस. निघण्यापूर्वी प्रत्येकाने कोऱ्या चहाबरोबर अर्धी-अर्धी भाकरी खाल्ली. मी नाही म्हणालो. इतक्या पहाटे काही खाण्याची मला सवय नव्हती आणि मनात कुठेतरी माझेच प्रवचन घोळत होते. तांडेल एवढेच म्हणाले, “रिकाम्या पोटाला लाट लवकर लागते.”

ती लागलीच. किनाऱ्यावरचे दिवे दिसेनासे झाले आणि माझ्या पोटात ढवळू लागले. दोनदा ओकारी झाली. मी वीस लिटरच्या कॅनमधून तांब्या भरून घेतला, चूळ भरली, तोंड धुतले, मानेवर पाणी मारले. बरे वाटले म्हणून आणखी दोन तांबे घेतले. कोणी काही बोलले नाही. तांडेलांनी आल्याचा तुकडा आणि कोरडी भाकरी हातावर ठेवली व हळूहळू चावायला सांगितले. तासाभरात पोट स्थिर झाले.

डोलीच्या मासेमारीत माणूस मासळीमागे धावत नाही. खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी आणून टाकतो. प्रवाह मंदावला की मधल्या थोड्या वेळात जाळे वर घ्यायचे. तो वेळ चुकला तर पुढच्या पाण्यापर्यंत थांबावे लागते. म्हणूनच होडीवर जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. जाळे वर आले तेव्हा पाच जणांच्या दंडांवरच्या शिरा तटतटल्या होत्या आणि सदऱ्यांतून घाम निथळत होता. ‘पोट रिकामे ठेवून कामाला जा’ हे माझे वाक्य मला तेव्हा आठवले, आणि ते कोणाच्या तरी दुसऱ्याच तोंडून आल्यासारखे वाटले. शारीरिक कष्ट करणाऱ्याला उपवासातून सूट असते, हे मी पुस्तकात वाचले होते. ती सूट का असते, हे त्या दिवशी पाहिले.

मग स्वयंपाक झाला. धाकट्या मुलाने स्टोव्ह पेटवला. ताजे बोंबील आणि मांदेली निवडली. हळद, मीठ, मसाला, चिंचेचा कोळ. तेलाचा थेंबही नाही. बोंबलाला स्वतःचेच पाणी सुटते, त्यामुळे कालवणात फारसे पाणी घालावे लागत नाही. दोन-चार पापलेटे मिळाली होती, ती थेट बर्फात गेली. मी त्यांकडे पाहतो आहे हे तांडेलांच्या लक्षात आले. “ती डिझेलची,” ते म्हणाले, “ही आपली.” त्या कालवणाची चव अजून जिभेवर आहे.

परतताना दुपारी दोनच्या सुमारास इंजिन बंद पडले. तासभर खटपट झाली. दुसरी होडी येऊन ओढून नेईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नव्हता. वारा पडला होता. मोठा कॅन केव्हाच रिकामा झाला होता. तांडेलांनी तेव्हा कुठे लहान कॅन सोडला. “हे परतीचं पाणी,” ते म्हणाले. “जाताना याला हात लावायचा नसतो. दर्या नेईल तेव्हा नेईल, आणील तेव्हा आणील.” प्रत्येकाला मोजून पेला मिळू लागला.

चारच्या सुमारास धाकटा मुलगा दोरीच्या वेटोळ्यावर बसला तो उठेना. पोटऱ्यांत गोळे आले होते, ओठ कोरडे, डोळे जड. चौकशी केली तेव्हा कळले की जेवणानंतर तो पाणी प्यायलाच नव्हता. मोठा कॅन तळाला गेलेला त्याने पाहिला होता. होडीवर फादर पाहुणे होते; पाहुण्याला कमी पडू नये म्हणून आपला वाटा त्याने सोडून दिला होता. माझ्या पहाटेच्या तीन तांब्यांचा हिशेब मला तेव्हा कळला.

तांडेलांनी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळले व घोटघोट त्याला पाजले. हे साधे मिश्रण किती मोठे औषध आहे, याची साक्ष इतिहासात आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मीठ-पाण्यावर आधारलेले असेच औषधी पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आमच्या होडीवर एकच जीव होता. तो तासाभरात सावरला.

चहूकडे पाणीच पाणी, आणि त्यातला घोटही घेता येत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. एवढा क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडाला शरीरातलेच अधिक पाणी खर्चावे लागते. म्हणून समुद्राचे पाणी पिणारा अधिकच तहानतो. बर्फ होता, पण तो मासळीत मिसळलेला. तो कोणी पीत नाही. दारूचे तर नावच नको. ती लघवी वाढवून अंगातले पाणी काढून टाकते. तांडेलांच्या होडीवर तिला बंदीच आहे.

अंधार पडल्यावर दुसऱ्या होडीच्या दोरीला बांधून आम्ही परतत होतो. तांडेल सांगू लागले. त्यांचे आजोबा शनिवारी रात्री दर्यावर असत आणि रविवारी सकाळी मिस्साला येत. त्या काळी कम्युनियन घ्यायची तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. “शिडाची होडी, फादर. रात्रभर जाळं ओढायचं, आणि मडकं समोर असून उघडायचं नाही. एकदा ते वेदीपुढेच कोसळले. आजी म्हणायची, देवाला माणूस कोरडाच का लागतो?”

मी त्यांना सांगितले की १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरवले, १९५७ साली अन्नासाठी तीन तासांची मर्यादा आली आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. तांडेल थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आजोबा त्याआधीच गेले.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

किनाऱ्यावर बायका कंदील घेऊन उभ्या होत्या. मला योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटचा अध्याय आठवला. रात्रभर कष्टून शिष्य काठाला लागतात, तेव्हा प्रभूने निखारे पेटवून ठेवलेले असतात आणि त्यांवर मासळी व भाकरी असते. पेत्राला प्रश्न विचारले जातात ते नंतर. आधी न्याहारी होते. मी मात्र आधी प्रश्न विचारले होते.

होडीवरून उतरताना मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो गोंधळला. “त्यात काय फादर,” तो म्हणाला, “पुरलं ना शेवटी.”

पुढच्या रविवारी मी प्रवचन दुरुस्त केले. सर्वांसमोर सांगितले की दर्यावर जाणाऱ्याने पहाटे खाऊन निघावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे. साखर-मिठाची पुडी डब्यात ठेवावी. आणि परतीच्या पाण्याला जाताना हात लावू नये. तांडेल मागच्या बाकावर बसले होते. मिस्सा संपल्यावर ते सॅक्रिस्टीत आले नाहीत. दुपारी मात्र त्यांच्या घरून डबा आला. भाकरी होती आणि बोंबलाचे कालवण.