तक्ता मांडावा कसा?

मराठी माणसाचं आयुष्य तक्त्यानं सुरू होतं आणि तक्त्यातच संपतं. आधी बाराखडीचा, मग पाढ्यांचा, पुढं पत्रिकेतल्या बारा घरांचा आणि शेवटी रक्तातल्या साखरेचा. त्यामुळं आमच्या वाचनालयाची बत्तीस हजार पुस्तकांची यादी इंटरनेटवर टाकायची ठरली, तेव्हा समितीतला प्रत्येक जण जन्मजात तज्ज्ञासारखा खुर्चीत पुढं सरकला.

काम माझ्या भाचीकडं होतं. "मामा, वाटा तीन आहेत," ती म्हणाली. एक, साधा एचटीएमएलचा तक्ता, हातानं केलेला. दोन, एजी ग्रिडसारखं तयार साधन. क्रम लावणं, गाळणं, सगळं आयतं. तीन, टॅनस्टॅक टेबलसारखं बिनचेहऱ्याचं. हिशेब त्याचा, रूप तुमचं. घरची पुरणपोळी, विकतची पुरणपोळी आणि नुसतं आयतं पुरण, असं मी मनात टिपून घेतलं.

"सगळ्या ओळी एकदम दाखवा की!" खजिनदार म्हणाले.

"फोनला धाप लागेल, काका."

त्यावर एक युक्ती असते म्हणे. पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळी रंगवायच्या. पंगतीत बसलेल्यांनाच वाढायचं, दाराशी ताटकळणाऱ्यांना नाही. पण मग ब्राउझरच्या शोधाला न रंगवलेली ओळ सापडत नाही. त्यापेक्षा सर्व्हरकडून पन्नास-पन्नासांची पानं मागवावीत. मात्र क्रमही सर्व्हरनंच लावायचा. नाहीतर हातातल्या पन्नासांचाच लागतो, आणि पहिल्या पानावर 'ह' गाठलेली यादी दुसऱ्यावर पुन्हा 'अ'पासून सुरू होते.

बिचाऱ्या तक्त्यानंही दिवस पाहिलेत. १९९५ साली नेटस्केपनं त्याला पडद्यावर आणलं, १९९७ च्या एचटीएमएल ३.२ नं अधिकृत केलं. लोकांनी अख्खी संकेतस्थळंच तक्त्यात कोंबली. पुढं सीएसएस रुजल्यावर त्याचा इतका विटाळ झाला, की काही जण खरे तक्तेसुद्धा 'डिव्ह'च्या चौकोनांत मांडू लागले!

"दिसायला सारखंच ना?" सचिवांनी विचारलं.

दिसायला सारखंच. पण आमच्या आप्पांना दिसत नाही. दृष्टी गेल्यापासून ते संगणकाकडून वाचून घेतात. नीट शीर्षकं दिलेल्या खऱ्या तक्त्यात एका घरातून दुसऱ्यात जाताना कानावर पडतं: लेखक, विषय, उपलब्धता. नुसत्या चौकोनांत शब्दांची वरात चालते. नवरा कोण आणि वाजंत्री कोण, पत्ता लागत नाही.

यावर समिती गप्प झाली. आमच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. साधा तक्ता, पन्नासांची पानं, असा ठराव झाला.

पहिल्याच दिवशी आप्पांनी एकट्यानं, कुणाला हाक न मारता, हवं ते पुस्तक शोधलं. संगणक म्हणाला, "उपलब्धता: बाहेर."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "तक्ता उत्तम. फक्त एक रकाना वाढवा. पुस्तक दोन वर्षं कुणाकडं पडून आहे, त्याचा."

खजिनदारांनी लगेच हरकत घेतली. तक्ता फार रुंद होईल म्हणे.