पाडलेल्या घराच्या फळीस अनावृत पत्र

प्रिय फळीस,



पत्र तुला, आणि वाचायचं इतरांनी, म्हणून ते उघड्यावर लिहितो आहे. विनिपेगमधल्या शंभर वर्षांच्या एखाद्या घरात तू मजल्याखालची कडी म्हणून राहिलीस, किंवा भिंतीच्या आत, कुणाच्या नजरेस न पडता, छपराचा भार पेलत उभी राहिलीस. आता ते घर जायचं आहे. तुझं पुढे काय व्हावं याबद्दल माझं एक ठाम मत आहे: तू मराठी पुस्तकांच्या खाली यावंस.

इथे घर पाडायला फार वेळ लागत नाही. एक्सकॅव्हेटर येतो, लोखंडी जबडा छपरात घालतो, आणि बघता बघता लाकूड, विटा, प्लास्टर, काच, बाथटब सगळं एका राशीत येतं. ती रास मोठमोठ्या बिनांत भरून कचरा डेपोवर जाते आणि तिथे वजनावर पैसे मोजावे लागतात. म्हणजे तुला फेकून देण्यासाठी मालक पदरचे पैसे घालतो. मला हे आजही पचत नाही, कारण मी ज्या पुण्यात वाढलो तिथे व्यवहार उलटा चालतो. पेठेतला जुना वाडा पाडायचा ठरला की पाडणाराच मालकाला पैसे देतो. त्याला सागाचे खांब, तुळया, महिरपी, दारांच्या चौकटी हव्या असतात. त्यांना गिऱ्हाईक असतं, म्हणून माणसं वाडा वरून खाली, हातांनी उतरवतात. जुन्या लाकडाला किंमत आहे हे आपल्याकडच्या वखारवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तू साग नाहीस, मान्य आहे. तू स्प्रूस असशील, पाइन असशील, नशीब चांगलं असेल तर डग्लस फर. पण तुझ्याकडे जे आहे ते दुकानात विकत मिळत नाही. दुकानातल्या नव्या फळीवर शाईचा शिक्का असतो, ‘एस-पी-एफ’, म्हणजे स्प्रूस, पाइन, फर यांपैकी काहीही. शेजारी ‘एस-ड्राय’ असतं. त्याचा अर्थ, रंधा मारला तेव्हा लाकडात १९ टक्क्यांपेक्षा जास्त ओल नव्हती. पुण्यात तेवढ्यावर भागलं असतं. इथे जानेवारीत बाहेर उणे तीस, आत फर्नेस अखंड चालू, आणि घरातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. अशा घरात नव्या फळीची ओल उतरत उतरत सहा-सात टक्क्यांवर येते. ती उतरताना फळी पिळवटते, कडांनी उचलली जाते, टोकाला चिरते. हिवाळ्याच्या तोंडाशी ठोकलेली मांडणी वसंतात डगडगायला लागते.

तुझं हे सगळं होऊन गेलं आहे. शंभर हिवाळे तू त्याच कोरड्या हवेत काढलेस. जे आकसायचं ते आकसून झालं, जिथे चिरायचं तिथे चिरून झालं. तुझं टोक स्वच्छ कापून पाहिलं की वर्षांच्या रेघा दिसतात, आणि त्या इतक्या जवळजवळ असतात की मोजताना नख पुरत नाही, टाचणी घ्यावी लागते. मोठ्या झाडांच्या सावलीत, दाटीत, सावकाश वाढलेल्या झाडाची ती खूण. आजच्या लागवडीच्या फळीत त्याच रेघा ऐसपैस पसरलेल्या असतात.

जाडीचं तर बोलायलाच हवं. हल्ली ‘दोन बाय’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते. जुन्या घरांत पावणेदोन इंची सर्रास सापडते, कधी पुरी दोन इंची. पुस्तकांना हेच लागतं. मीटरभर रांगेत लावलेली पुस्तकं तीस किलोच्या आसपास भरतात. फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर ठरतो, म्हणजे जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. लांबीचा हिशेब याहून कडक. पुस्तकांनी भरलेला गाळा दुप्पट लांब केला तर झोल सोळापट होतो. खोक्यात सुटी येणारी बाजारातली मांडणी असते भुशाच्या पाटाची, जेमतेम पाऊण इंच जाड, आणि तो पाट लाकडाच्या साधारण एक तृतीयांशच ताठ. त्यावर मराठी विश्वकोशाचे खंड ठेवले की मधोमध पोट सुटतं आणि ते परत आत जात नाही. तू अडीच-तीन फुटांच्या गाळ्यावर ते खंड आयुष्यभर वागवशील.

आता तुझ्या जोडीदारांबद्दल. विटांवर फळ्या टाकून केलेली मांडणी आपल्या होस्टेलांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि कॅनडातले विद्यार्थी काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकवर तेच करतात. इथल्या ब्लॉकचं माप ठरलेलं आहे, ३९० बाय १९० बाय १९० मिलिमीटर, वजन सोळा-सतरा किलो. पण मराठी पुस्तकाशी त्याचं जमत नाही. आपली कादंबरी बहुधा डेमी, साडेआठ इंच उंच. आडवा ब्लॉक साडेसात इंच, त्यात ती मावत नाही. ब्लॉक उभा केला किंवा दोन एकमेकांवर ठेवले तर उंची पंधरा इंचांच्या आसपास जाते, म्हणजे पुस्तकांच्या वर जवळपास निम्मी जागा धुळीला. यावरचा उपाय त्याच पाडलेल्या घरात आहे. धुराड्याची वीट सव्वादोन इंच जाड. आडव्या ब्लॉकवर एक वीट ठेवली की पावणेदहा इंच होतात. डेमी पुस्तक बसतं, वरून बोट घालून ते काढता येतं, आणि बरेचसे दिवाळी अंकही उभे राहतात. जुन्या धुराड्याच्या विटांमधला मसाला चुन्याचा असतो, पटाशीच्या दोन ठोक्यांत सुटतो. सिमेंटचा असेल तर वीट फुटेल, नाद सोडावा. रुंदीची काळजी नको. डेमी पुस्तक साडेपाच इंच रुंद, आणि ‘दोन बाय आठ’ फळी नवी घेतली तरी सव्वासात इंच.

ब्लॉकची मांडणी चार थरांपलीकडे चढवू नये. घरात लहान मूल असेल तर वरची फळी एल-पट्टीने भिंतीतल्या उभ्या लाकडाला स्क्रूने बांधावी. ती उभी लाकडं बहुतेक घरांत सोळा-सोळा इंचांवर सापडतात.

तुझ्यातले खिळे काढणं हे या कामातलं खरं काम, आणि मला ते मनापासून आवडतं. आधी लोहचुंबक सबंध लांबीवर फिरवायचं. डोकं दिसणारा खिळा सोपा. मागून टोकावर ठोकून डोकं वर आणायचं, हातोडीचं नख घालायचं, नखाखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा म्हणजे फळीवर वळ उठत नाही. कठीण असतो तो डोकं गंजून गेलेला. लाकडात एक काळा ठिपका तेवढा दिसतो आणि चुंबक तिथे अडतं. तो मागे राहिला तर करवतीचं पातं गेलं, रंध्याचं तर नक्कीच गेलं. भोवतीचं लाकूड पटाशीने जरासं कोरून त्याला पक्कडीत धरायचं आणि ओढायच्या आधी थोडा पिळायचा. तो कुरकुरत बाहेर येतो. भोकाभोवती लोखंडाचा निळसर काळा डाग पडलेला असतो. कितीही पॉलिश पेपर मारला तरी तो जात नाही, आणि तो घालवू नये असं माझं मत आहे.

काही ठिकाणी मात्र तुला हात लावण्याआधी थांबायला हवं. १९६० पूर्वीच्या घरात रंग लावलेल्या फळीत शिसं असण्याची दाट शक्यता असते. ती कोरडी घासायची नाही, मुलांच्या जवळ तर मुळीच नाही. भिंतीच्या आत राहिलेली, रंग न लागलेली फळी म्हणूनच मला सर्वांत प्यारी. अंगणातल्या जुन्या डेकची हिरवट फळी घरात आणू नये. २००३च्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असलेलं द्रावण मुरवत असत. पॅलेट घेतलं तर शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, गाभा ५६ अंशांवर सलग अर्धा तास तापवलेला. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते जिथे आहे तिथेच राहू द्यावं.

तुझ्या एका बहिणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा या गव्हाच्या मुलखात रेल्वेमार्गाला लागून लाकडी धान्यकोठारं उभी होती. त्यांना इथे एलेव्हेटर म्हणतात. १९३०च्या दशकात ती साडेपाच हजारांहून अधिक होती, आज त्यांतली फार थोडी उरली आहेत. मॅनिटोबात इंग्लिस इथे पाच एलेव्हेटर ओळीने जपले आहेत, राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून. धान्याचा दाब प्रचंड असतो, म्हणून या कोठारांच्या भिंती फळ्या उभ्या न लावता आडव्या, एकीवर एक निजवून, खिळे ठोकून रचलेल्या असत. कोठार पाडल्यावर निघणाऱ्या फळीची आतली कड हातात घेऊन पाहावी. पिढ्यान् पिढ्या गहू घसरत गेल्याने लाकडाचा मऊ भाग झिजलेला असतो, कठीण रेघा वर आलेल्या असतात, आणि तळव्याला लाटांसारखा चढउतार लागतो. कुठल्याही सुताराला हे रंध्याने साधणार नाही. ही कड मांडणीच्या दर्शनी बाजूला ठेवावी, तिच्यावर फक्त तेलाचा एक हात द्यावा.

तू कुठे भेटतेस, असं लोक विचारतात. विनिपेगकरांना तर हे विचारायचीच गरज नाही. जुनं बांधकामाचं सामान विकून गरजूंच्या घरांसाठी पैसा उभा करणारं हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचं पहिलं ‘रीस्टोअर’ याच शहरात १९९१मध्ये सुरू झालं. आज कॅनडात अशी शंभराहून जास्त दुकानं आहेत. जुनी दारं, कपाटं, उरलेल्या फरशा, कधीकधी फळ्याही. भरीव लाकडाचं जुनं दार मिळालं तर ते उभं चिरून दोन उत्तम फळ्या निघतात. याच संस्थेसाठी जिमी कार्टर विनिपेगला आले होते, २०१७च्या जुलैत, वयाच्या ९२व्या वर्षी. घरबांधणीचं काम करताना उन्हाने त्यांच्या शरीरातलं पाणी कमी झालं, रुग्णालयात न्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कामाच्या जागी हजर होते. अमेरिकेचा हा माजी अध्यक्ष स्वतः लाकडाचं फर्निचर करणारा होता. त्याला तुझी किंमत कळली असती.

आणि आता, पुस्तकं. मी या देशात ज्या ज्या मराठी घरांत गेलो, त्यांतल्या बहुतेकांच्या तळघरात पुस्तकांची खोकी आहेत. तेवीस किलोच्या बॅगेत भाजणी आणि गोडा मसाला यांच्यामधून वाट काढत आलेली पुस्तकं. आईवडिलांनी भेटीला येताना आणलेले दिवाळी अंक, टोरोंटोच्या मराठी मंडळींनी चालवलेल्या ‘एकता’चे जुने अंक, कुणी परत जाताना देऊन गेलेला अख्खा संग्रह. ‘मोठं घर घेतलं की नीट लावू’ म्हणून खोकी बंद राहतात. मोठं घर येतं, खोकी एका तळघरातून दुसऱ्या तळघरात जातात. तोवर मुलं कॉलेजला निघून गेलेली असतात.

इथल्या हवेत कोकणातल्यासारखी बुरशी धरत नाही, कसरही कमी. पुस्तक टिकतं. पण टिकलेलं पुस्तक वाचलं जातंच असं नाही. ज्या मुलाने देवनागरी अक्षरं येता-जाता, जेवताना, बूट घालताना पुस्तकांच्या कण्यांवर पाहिली नाहीत, त्याला दर रविवारी तासभर बाराखडी गिरवायला लावून काय साधणार? साताऱ्यातल्या भिलार गावाने २०१७मध्ये हेच ओळखलं. पुस्तकं घराघरांत उघडी मांडली, येणाऱ्याने हवं ते उचलून वाचत बसावं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पेट्या भरतो त्या उघडण्यासाठी, एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे फिरवण्यासाठी. आपण मात्र खोक्यांवर टेप मारून ठेवली आहे.

म्हणून तुला बोलावतो आहे. पैसे हे कारण दुय्यम आहे, जुन्या फळीत ते थोडे वाचतातही. मुख्य कारण असं की तुला मुलाबरोबर बसून तयार करता येतं. चुंबक त्याने फिरवावं, विटेचा चुना त्याने उडवावा, जाडजूड खंड खालच्या थरात का जातात हे त्याने स्वतः उचलून समजून घ्यावं. स्वतः उभारलेल्या मांडणीत काय ठेवलं आहे, हे मूल विचारतंच.

राहिला प्रश्न डेपोकडे निघालेल्या तुझ्या भावंडांचा. तो एकेकट्या घरांत सुटणारा नाही, त्याला नियम लागतो. व्हँकूवरने २०१४मध्ये तो केला. १९४०पूर्वीचं घर पाडलं तर निघालेल्या सामानापैकी वजनाने ७५ टक्के पुन्हा वापरात किंवा पुनर्प्रक्रियेला गेलं पाहिजे, आणि घराला ऐतिहासिक रूप असेल तर ९० टक्के. २०१९पासून ही अट १९५०पूर्वीच्या घरांना लागली, आणि १९१०च्या आधीची घरं तर यंत्राने चिरडण्याऐवजी सोडवून उतरवावी लागतात. त्यांतून किमान तीन टन लाकूड वाचवावं लागतं. पेठेतल्या वखारवाल्याला जे पोटासाठी कळतं ते एका श्रीमंत शहराने कायदा करून स्वतःला शिकवलं, आणि मी त्याचं मनापासून कौतुक करतो. कॅनडातल्या प्रत्येक शहराने हे करायला हवं.

वाचकहो, तुमच्या रस्त्यावर घराभोवती जाळीचं कुंपण लागलं असेल तर त्यावर कंत्राटदाराचा फोन नंबर असतो. एक्सकॅव्हेटर यायच्या आत त्याला फोन करा. मजल्याखालच्या फळ्या हव्यात, खिळे आम्ही काढू, गाडी घेऊन येतो, एवढं सांगा. परवानगीशिवाय आवारात पाऊल टाकू नका आणि हातमोजे, जाड तळव्याचे बूट विसरू नका. जाताना मुलांना घेऊन जा.

तुझा,
विनिपेगमधला एक मराठी वाचक