मृगाचा किडा, कपाशीचं फूल आणि आपली कंबर

यवतमाळला चाललोय म्हटलं की ऑफिसमध्ये हमखास दोन प्रश्न येतात. ‘वाघ बघायला का?’ आणि ‘तिकडे ऊन जाम असतं ना?’ दोन्हीचं उत्तर ‘हो’ असू शकतं. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ जेमतेम १४८ चौरस किलोमीटर, पण वाघांसाठी एकदम फेमस. इथून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची ही हजारो किलोमीटरची पायपीट सगळ्या देशाला कळली.

पण समजा, तुमच्या बॅगेत तोफेएवढी टेलिलेन्स नाही, साधी मॅक्रो लेन्स आहे. मग सफारीच्या जिप्सीत बसून काही उपयोग नाही. तिथे गाडीतून खाली उतरायला मनाई असते आणि मॅक्रोला तर जमिनीशीच दोस्ती करावी लागते. त्यात पावसाळ्यात, म्हणजे किड्यांचा सीझन भरात असताना, सफारी बंद. तेव्हा मॅक्रोवाल्यांचं यवतमाळ अभयारण्याच्या गेटबाहेर आहे. शेताच्या धुऱ्यावर, कपाशीच्या ओळींत आणि ओढ्याकाठच्या गवतात.

तीन उंचीचे तीन हिरो

जूनच्या पहिल्या सरी पडल्या, मृग नक्षत्र लागलं की ओल्या मातीवर लाल मखमलीचे थेंब चालायला लागतात. तोच मृगाचा किडा. नावात किडा असला तरी हा आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला. वर्षातले थोडेच दिवस दर्शन देतो आणि राहतो अगदी जमिनीवर.

दुसरा हिरो पाण्याजवळचा. पैनगंगेकाठी, सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरात किंवा कुठल्याही साध्या ओढ्यावर चतुर आणि टाचण्या काडीच्या टोकावर बसलेल्या दिसतात. काठ जरा उंच असेल तर त्या तुमच्या छातीच्या उंचीवर येतात.

आणि तिसरी, या जिल्ह्याची खरी हिरॉईन, कपाशी. जूनमध्ये लागवड, ऑगस्ट-सप्टेंबरला फुलं, दिवाळीच्या आसपास वेचणी जोरात. फूल पहिल्या दिवशी सायीसारखं पिवळसर आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही रंग! पानाखाली मावा, त्याला खायला आलेला ढालकिडा, म्हणजे आपला लेडीबर्ड, आणि नशीब असेल तर क्रायसोपाची दोऱ्यासारख्या देठांवर उभी असलेली अंडी. एका झाडापाशी अख्खी सकाळ जाते.

आणि गडबड होते ती नेमकी इथेच. जमिनीवरच्या किड्यासाठी सरळ आडवं पडता येतं. छातीएवढ्या टाचणीसाठी ताठ उभं राहता येतं. पण कपाशीचं फूल असतं गुडघा आणि कंबर यांच्या मधोमध. आडवं पडलं तर दिसत नाही, उभं राहिलं तर पोचत नाही. मग माणूस अर्धवट वाकतो, श्वास रोखतो आणि तसाच थांबतो. तासाभरानं सरळ होताना तोंडातून जे ‘आई गं’ निघतं, त्याचं कारण ही मधली उंची आहे.

कंबर का कुरकुरते?

वन-इज-टू-वन मॅग्निफिकेशनला फोटोतला शार्प भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो. फोकस रिंगपेक्षा स्वतःच मिलिमीटरभर पुढे-मागे होणं सोपं पडतं. म्हणजे वाकलेल्या अवस्थेत पुतळा व्हायचं आणि वर हातात किलो-दीड किलोचा कॅमेराही धरायचा. सतत ताणलेल्या स्नायूंना रक्तपुरवठा नीट होत नाही, ते थकतात, आखडतात. शिवाय मणक्यांमधल्या गादीवर दाब येतो. स्वीडनच्या अल्फ नाकेमसन या अस्थितज्ज्ञाने १९६०च्या दशकात चक्क जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब मोजला होता. ताठ उभं राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो बराच वाढतो आणि हातात वजन असेल तर आणखी.

त्यात एक आणखी पेच आहे. मॅक्रोसाठी बेस्ट वेळ पहाटेची. दव असतं, वारा नसतं, थंडीनं किडे सुस्त असतात. आणि पाठीसाठी सगळ्यात नाजूक वेळसुद्धा तीच! रात्रभर आडवं पडल्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे सकाळी सकाळी वाकलं की ताण जास्त बसतो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या पेशंट्सना सकाळचं वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं.

मग काय, पहाट सोडायची? अजिबात नाही. वाकणं सोडायचं.

पाठ नाही, कॅमेरा खाली न्या

- लॉजवरून उठून थेट किड्यावर झडप नको. शेतापर्यंतचा शेवटचा टप्पा चालत जा. अर्धा तास पाय मोकळे झाले की शरीर जागं होतं.
- मधल्या उंचीसाठी एक गुडघा टेकून बसा, पाठ सरळ. गुडघ्याखाली घडी घातलेलं पोतं किंवा बागकामाचं नी-पॅड. कोपर दुसऱ्या गुडघ्यावर टेकलं की आयता ट्रायपॉड तयार.
- फ्लिप स्क्रीनचा कॅमेरा असेल तर वरून बघा, व्ह्यूफाइंडरला डोळा लावण्यासाठी मान मोडू नका. जुन्या एसएलआरसाठी काटकोनी व्ह्यूफाइंडर मिळतो.
- लेन्स निवडताना १०० एमएम किंवा त्याहून जास्तीची घ्या. ५०-६०च्या मानानं किड्यापासून लांब राहता येतं, म्हणजे कमी वाकावं लागतं. मोबाइलच्या मॅक्रो मोडमध्ये तर नाक लावावं लागतं. तिथे फोन हातानं खाली धरा आणि टायमर लावा.
- ट्रायपॉड असा हवा की पाय पूर्ण पसरतील. फोकसिंग रेल घेतली तर पुढे-मागे तुम्ही नाही, कॅमेरा सरकतो.
- बीनबॅगचं ओझं मुंबईहून न्यायची गरज नाही. रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे सरकी भरून घ्या. फक्त जिनिंगमधली सरकी घ्या, पेरणीचं बियाणं नको, त्याला औषध चोळलेलं असतं.
- वीस मिनिटं झाली की उठायचं. कितीही भारी फ्रेम असली तरी! दोन्ही हात कमरेवर ठेवून हलकेच मागे झुका, चार पावलं चाला.

आणि एक सीरियस गोष्ट. दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला, तर बाम चोळत बसू नका. तडक डॉक्टर गाठा.

‘काय हारपलं वो ताई?’

वावरात गुडघ्यावर बसून पानाखाली बघायला लागलं की हा प्रश्न येतोच. शेजारच्या ओळीत बाया कापूस वेचत असतात. कमरेला फडक्याची झोळी बांधलेली, दोन्ही हात एकाच वेळी बोंडांवर चालू. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ढालकिडा मोठा करून दाखवला की हसतात, ‘अबब, हा तर रोजच दिसते!’

मग आपलं लक्ष त्यांच्या वाकण्याकडे जातं. बोंडंही त्याच मधल्या उंचीवर असतात, गुडघा आणि छाती यांच्यामध्ये. त्या थिजून उभ्या नसतात, पुढे सरकत राहतात. निंदणाच्या दिवसांत उकिडव्या बसतात, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतात. वेस्टर्न कमोड आणि रिव्हॉल्व्हिंग चेअरवाल्या आपल्याला दोन मिनिटं उकिडवं बसवत नाही. ते जमलं पाहिजे आणि घरी रोज थोडं थोडं करून जमतंही.

पण म्हणून ‘त्यांना सवय असते’ असं म्हणून सुटका करून घेऊ नका. कंबर दुखते का, एवढंच विचारून बघा. ‘दुखते ना वो. पण किलोवर मजुरी हाय.’ वीस मिनिटांनी उठून हात कमरेवर ठेवायचे तर तेवढ्या वेळाचा कापूस झोळीत पडत नाही. आपल्यासाठी जी टीप आहे, ती त्यांच्यासाठी मजुरीतली कपात आहे. त्यांच्या कामाला फ्लिप स्क्रीन नाही.

झोपण्याआधी विचारा

कुणाच्याही शेतात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, हे झालंच. पण यवतमाळमध्ये दुसरा प्रश्न आणखी महत्त्वाचा: ‘फवारणी कधी झाली?’ २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. नुकत्याच फवारलेल्या पिकात पोटावर झोपून फोटो काढण्याइतकी कुठलीच फ्रेम मोठी नाही.

आडवं पडण्याआधी काठीनं गवत हलवून बघा, घोणस इथलीच रहिवासी आहे. आणि जंगलाला लागून असलेल्या शेतात एकट्यानं खाली बसू नका. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या टी-वन वाघिणीचं, म्हणजे ‘अवनी’चं नाव १३ जणांच्या मृत्यूशी जोडलं गेलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली गेली. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. सोबत कुणीतरी उभं असू द्या.

कसं जाल?

नागपूरहून हैदराबादच्या हायवेनं पांढरकवडा साधारण दीडशे किलोमीटर. मुंबई-पुण्याहून रेल्वेनं धामणगाव किंवा वर्ध्याला उतरून पुढे एसटीनं यवतमाळ. मृगाच्या किड्यासाठी जून, फुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, फुटलेल्या बोंडांसाठी नोव्हेंबर.

परत आल्यावर एक काम नक्की करा. ढालकिड्याचे शंभर फोटो काढलेत ना? ज्यांच्या ओळीत काढलेत, त्यांचाही एक काढा, पण त्यांना विचारून आणि पाठ सरळ करून उभ्या असताना. आणि प्रिंट पोस्टानं पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो हरवतो, भिंतीवर राहतो.