फणसाचं पान ऐकत नाही

ताजं तोडलेलं फणसाचं पान मधोमध दुमडलं की शिरेवर कट्कन मोडतं. माझ्या साडेचार वर्षांच्या नातीने सात पानं मोडली. आठवं हातात धरून उलटसुलट केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, हे ऐकतच नाही."

गणपतीची सुट्टी होती. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळालेली, अंगणातल्या जांभ्याला शेवाळाची हिरवी साय आलेली. ही पुण्याहून आलेली आणि खालच्या वाडीतली दोघं, अशी तीन पोरं पायरीवर बसून टोप्या करत होती. फणसाच्या पानांची टोपी म्हणजे फार काही नाही. एका पानावर दुसरं अर्धं चढवायचं, हिरेचा बोटभर तुकडा टाका घातल्यासारखा आतबाहेर खुपसायचा आणि डोक्याच्या मापापर्यंत तेच करत जायचं. हिरांसाठी माझा खराटा त्यांनी निम्मा संपवला होता.

युक्ती मला ठाऊक होती. पानं सकाळी तोडून सावलीत पसरावीत. दुपारपर्यंत त्यांचा ताठा जातो, ती चिवट होतात, मग कशीही वळवा. मी बोलले नाही. गप्प राहण्याची ही विद्या मला फार उशिरा आली आहे, म्हणून तिचा थोडा अभिमानही आहे.

कारण मी ३० वर्षं बालवाडी चालवली आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं पोरांच्या हातून मासे करवून घेतले. पिंपळाच्या वाळक्या पानाचा मासा. पान आडवं चिकटवायचं, देठाकडे शेपटी काढायची, टिकलीचा डोळा लावायचा. एका वर्षी तपासणी होती. भिंतीवर २६ मासे, सगळे एकाच दिशेला तोंड करून पोहणारे. आलेल्या साहेबांनी कौतुक केलं, मीही फुलले. त्यातल्या निम्म्यांना डोळे मी रात्री घरी बसून चिकटवले होते, हे त्यांना कोण सांगणार! एका मुलाने पान उभं लावलं होतं. "बाई, हे झाड आहे," असं त्याचं म्हणणं. त्याचं पान उचकटून मी आडवं केलं. आता त्या मुलाची मुलं शाळेत जात असतील. रस्त्यात भेटला तर तो वाकून नमस्कार करतो आणि मला ते पान आठवतं.

खरं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आम्हाला प्रशिक्षणात अभ्यासाला होत्या. टीप लिहा, पाच गुण. १९४५ साली बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, इतकं पाठ होतं. पण त्या टेकडीवर झालं काय, हे डोक्यात शिरायला मला नोकरीची निम्मी वर्षं घालवावी लागली. माँटेसोरी पद्धतीची साधनं महाग, खेड्याला न परवडणारी. तेव्हा या बायकांनी भोवताली पाहिलं आणि शिंपले, बिया, खडे, पानं गोळा केली. वारली पोरं शाळेत येत नव्हती, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला गेलेल्या पोरांमागे ती कुरणातही गेली आणि तिचं नाव कुरणशाळा पडलं. मी हे सगळं गरिबीतून काढलेली वाट म्हणून वाचलं होतं. पैसे नव्हते म्हणून बिया, असते तर लाकडी ठोकळे. आता तसं वाटत नाही. ठोकळा सगळ्यांशी सारखाच वागतो. बी तशी नसते. चिंचोका घरंगळतो, पण सरळ जात नाही. रिठा गोल म्हणून हातात घ्यावा, तर त्याच्या अंगाला चिकट सुरकुत्या. पोराला तिच्याशी बोलणी करावी लागतात.

दुकानात मिळणारं हस्तकलेचं सामान मला आवडत नाही, ते याच कारणाने. चकचकीत कागद, रंगीत स्पंज, मागे गोंद लावून तयार असलेले तारे. त्यातलं काहीही कधी नाही म्हणत नाही. जिथे लावाल तिथे बसतं. पोर दहा मिनिटांत मोकळं होतं आणि आपल्याला फोटो मिळतो. फणसाचं पान मात्र नाही म्हणतं आणि वर हाताला चीक लावून जातं.

टोपीचं शेवटी काय झालं, तर नातीने ती सोडून दिली. वाडीतल्या थोरल्याची पूर्ण झाली, पण त्याच्याच कपाळावरून घसरून गळ्यात आली. त्याने ती तशीच हार म्हणून दिवसभर वागवली. धाकटा तोवर कुंपणाकडे गेला होता. तिथे तेरडा माजलेला. पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की ती फट्कन फुटते, बिया उडतात आणि सालीच्या पट्ट्या अळीसारख्या आत वळतात. एक शेंग फुटली आणि कलाकृती राहिली बाजूला. पाऊण तास तिघं नुसत्या शेंगा फोडत होती. मग नातीने त्या वळलेल्या पट्ट्या गोळा करून पायरीवर मांडायला सुरुवात केली. एकीशेजारी एक, टोकाला टोक लावून. कुणी सांगितलं नव्हतं.

लक्ष मात्र ठेवावं लागतं. पोरं दिसेल ते तोंडात घालतात. लालभडक, काळ्या ठिपक्याची गुंज इतकी देखणी की पोरांचं सोडा, माझाच हात पुढे होतो. पण ती विषारी. पिवळ्या कण्हेरीची बिट्टीही तशीच. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो आणि जगलो, हे खरं असलं तरी या दोन्ही मी लहानांच्या हाती देत नाही. खाजकुइली कुठे चढली आहे तेही आधी पाहून ठेवते. बाकी चिखल, मुंगी, काटा हे चालायचंच.

तिसऱ्या दिवशी सागाची गंमत झाली. बांधावरच्या सागाला खालून धुमारे फुटलेत. त्यातलं शेंड्याचं कोवळं, लवदार पान मी तोडलं, नातीच्या तळव्यावर ठेवलं आणि म्हटलं, चोळ. तिने दोन्ही हातांत धरून चोळलं, हात उघडले आणि ती एकदम गप्प झाली. तळवे लाल. हिरव्या पानातून लाल रंग येतो, हे मला साठाव्या वर्षीही खरं वाटत नाही, तर तिचं काय! तिने हात पाहिले, पान पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आजी, त्याला लागलं का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. लागलं म्हणावं तर ती रडणार, नाही म्हणावं तर पान तर पार चुरगळलेलं. तेवढ्यात थोरला म्हणाला, "त्याला दुसरं येतं." त्याचा बांधावरच्या झाडांशी रोजचा व्यवहार. त्यावर तिने थोडा विचार केला आणि कट्ट्याच्या सिमेंटवर हात उमटवला. मग आणखी एक. पाचवा ठसा फिका पडला, तेव्हा झाडाकडे जाऊन तिने सगळ्यात लहान पान निवडलं आणि तोडण्याआधी देठाला हात लावून काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही. फ्रॉकला लागलेले डाग अजून निघाले नाहीत, असा सुनेचा फोन आहे.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती एकटीच अंगणात होती. पायरीपासून तुळशीपर्यंत तिने खड्यांची ओळ लावली. मधे एक गळलेलं पिवळं फणसाचं पान, पुढे पुन्हा खडे, मग माडाची वाळून पडलेली बोंडं, पुन्हा खडे. ओळ सरळ नव्हती. ओल असेल तिथे वळत होती.

"काय आहे गं हे?" इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

"काही नाही. हे असं जातं."

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिने काच खाली करून बजावलं, "मोडू नकोस." आज आठवा दिवस. तुळशीला पाणी घालायला मी वळसा घालून जाते. केर काढायला येणाऱ्या वहिनींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काकू, हे लोटू का?" राहू दे म्हटलं, तेव्हापासून त्याही त्या ओळीच्या कडेकडेने झाडतात, तिच्या वळणासकट. परवाच्या सरीने चार खडे वाहून खाली गेले. काल कोंबडीने पिवळं पान उकरून उलटं केलं. खालची खरखरीत बाजू वर आली आहे. बोंडं आहेत तशीच.