एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि वालूरची पोरं

दहावीच्या गुणपत्रिकेच्या आधी आमच्या हाती पडायचं ते सरकारी प्रमाणपत्र चित्रकलेचं असायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन पायऱ्यांच्या त्या परीक्षेचं कागदोपत्री नाव शासकीय रेखाकला परीक्षा. गावात ते कुणी उच्चारायचं नाही. ‘एलिमेंटरीला बसलो’, ‘इंटरमिजिएटला बी ग्रेड आली’ एवढं म्हटलं की समजायचं. परभणीच्या सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात १९८० च्या दशकात तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या हातातल्या कसबावर सरकारने शिक्का मारावा, असा दुसरा रस्ताच नव्हता. आणि त्या शिक्क्यात दुजाभाव नव्हता. मुंबईच्या गिरगावातल्या मुलाला जो पेपर, तोच वालूरच्या मुलाला. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कला संचालनालयाकडे मुंबईला जायचे आणि तिथे तपासणाऱ्याला ठाऊकही नसायचं की वस्तुचित्रातली ही घागर कोणत्या जिल्ह्यातल्या पोराने काढली आहे.

परीक्षा दोन दिवसांची. केंद्र सेलूला. सकाळच्या एस.टी.त बगलेत लाकडी ड्रॉइंग बोर्ड, दप्तरात कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटल्या, एक २बी आणि एक ४बी पेन्सिल, पाण्यासाठी घरून आणलेला डबा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्राला ‘आठवडी बाजार’ किंवा ‘बस स्थानकावरील गर्दी’ असा विषय आला की आमची पोरं खूश व्हायची, कारण ते आम्ही रोज पाहत होतो. भूमितीला मात्र भल्याभल्यांचा हात थरथरायचा.

आमचे ड्रॉइंगचे सर तासाला गावातच फिरवायचे. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला बारवेवर नेलं. वालूरची ती चक्राकार, पायऱ्यांची बारव आज लोक लांबून पाहायला येतात, पण तेव्हा तिच्यात झुडपं माजली होती, कचरा पडला होता आणि घरचे आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. सरांनी काठावर उभं केलं आणि विचारलं, वरचं कडं जास्त चपटं दिसतं की खालचं? आम्ही सगळे ‘खालचं’ म्हणालो. सर म्हणाले, पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरा आणि मोजा. मोजलं तर उलटच निघालं. नजरेच्या जवळच्या पातळीवरचं वर्तुळ चपटं दिसतं आणि जसजसं खाली जावं तसतसं ते गोल होत जातं. घागरीचं तोंड चपटं काढायचं आणि बूड त्याहून गोलसर, हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नव्हतं. बारवेच्या काठावर ते एका तासात शिरलं. शिवाय त्या पायऱ्या नुसत्या कड्याकड्यांनी उतरत नाहीत, वळत वळत खाली जातात. त्या वळणाचा पाठलाग करताना वर्गातल्या सगळ्यांत वांड पोरानेही पाऊण तास मान वर केली नाही. ज्याने ही बारव बांधली त्याला कुणी कोणती ग्रेड दिली असेल, असं सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले होते.

अक्षरलेखनाची गोष्ट वेगळी. तो पेपर पोटापाण्याच्या सगळ्यांत जवळचा होता. चौकटी आखून ‘क’चा देठ किती जाड, ‘श’ची गाठ कुठे, शिरोरेषा किती रुंद, हे ज्याच्या बोटात बसलं तो दहावी नापास झाला तरी उपाशी राहत नसे. सेलू, जिंतूर, परभणीत पेंटरांच्या टपऱ्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव, दुकानाची पाटी, निवडणुकीच्या भिंती, सप्त्याचे कापडी फलक. आमच्या पुढच्या वर्गातला एक जण इंटरमिजिएट करून अशाच एका टपरीवर बसला आणि पुढे त्याने दोन बहिणींची लग्नं त्या ब्रशवर केली. मग फ्लेक्स आले. भिंती रंगवणं पाहता पाहता थांबलं. ज्यांनी संगणकावर कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी शिकून घेतली ते तरले, बाकीचे शेताकडे वळले. फ्लेक्सच्या दुकानात आज बसलेली पोरं कामाला झपाझप आहेत, यात शंका नाही. पण पन्नास फुटांवरून वाचता येईल असं अक्षर किती पसरट हवं, दोन अक्षरांत मोकळी जागा किती सोडावी, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. ते आपल्या रस्त्यांवर दिसतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

त्या काळचं सगळंच सोन्याचं होतं, असं मी म्हणणार नाही. प्रमाणपत्र हातात आल्यावर पुढे काय, याचं उत्तर फार तोकडं होतं. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करा आणि ड्रॉइंग मास्तर व्हा. फार धाडसी असेल तो औरंगाबादच्या शासकीय कला महाविद्यालयात जायचा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणजे तर ऐकीव गोष्ट. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत दादासाहेब फाळके शिकले, तिथून छपाईकडे आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’कडे गेले, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर चित्र आणि सिनेमा ही एकाच घरातली माणसं आहेत हे तेव्हाच कळलं असतं. सेलूच्या स्टेशनावरून मनमाडची गाडी रोज जायची आणि तिथे गाडी बदलून मुंबई गाठता यायची. तिच्यात चित्रकलेसाठी बसलेलं पोर मात्र विरळाच. घरचे विचारायचे, ‘चित्रं काढून काय करायलास रे?’ आणि पोराकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

आता त्या प्रश्नाला दहा उत्तरं आहेत. माझी पुतणी नववीत आहे. तिच्या मोबाइलवर बोटाने काढलेली माणसं चालतात, वळतात, हसतात. दहावीनंतर एका वर्षाचा मल्टिमीडिया, अॅनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स हा ट्रेड आयटीआयच्या यादीत आहे, हे तिला ठाऊक आहे. राज्यातल्या काही शाळांत नववी-दहावीलाच मीडिया अँड एंटरटेनमेंट हा व्यवसाय विषय घेता येतो. २०२५ मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आणि अॅनिमेशन, गेमिंग, व्हीएफएक्स हे शब्द सरकारी भाषणांत आले. अक्षरांचाही धंदा झाला. आर. के. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला, पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ केले. चौकटी आखून ‘क’ काढणाऱ्या पोराला एवढं मोठं मैदान मिळेल, हे आमच्या सरांच्या स्वप्नातही नसेल. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मूल बीटेक (BTEC, आपली इंजिनिअरिंगची पदवी नव्हे) या व्यावसायिक पात्रतेचा आर्ट अँड डिझाइनचा अभ्यासक्रम घेतं आणि त्यावर विद्यापीठातही जाऊ शकतं.  आपल्याकडेही आता तसं व्हायला हरकत नाही.

मग खटकतं काय? वरचा मजला बांधून झाला आणि जिन्याच्या खालच्या पायऱ्या कुणीतरी काढून नेल्या, असं मला वाटतं. खेड्यातल्या शाळेत ड्रॉइंगचा पूर्णवेळ शिक्षक शोधून सापडत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा शिक्षक आहे, पण तो अर्धवेळ, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तेव्हाच. निवृत्त झालेल्यांच्या जागा कित्येक ठिकाणी भरल्याच गेल्या नाहीत. परीक्षा मात्र चालू आहे. लाखो मुलं बसतात, शाळा ऑनलाइन अर्ज भरतात, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. हे गुण मुलांना मिळावेतच. पण पालक आता ग्रेड विचारतात ती त्या सात गुणांसाठी. घागर नीट जमली का, हे कुणी विचारत नाही. शिक्षक नसलेल्या शाळेतली मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात व्हिडिओ पाहून तीच ती फुलदाणी गिरवतात.

पुतणीचाही पाया असाच कच्चा राहिला होता. चालणारी माणसं ती झकास काढते, पण ती माणसं जमिनीवर उभी राहत नव्हती, तरंगत होती. नजरेची पातळी म्हणजे काय, हे तिला सॉफ्टवेअरने सांगितलं नव्हतं. मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना बारवेवर नेलं. गावकऱ्यांनी गाळ काढून ती आता स्वच्छ केली आहे, टपाल खात्याच्या पोस्टकार्डावर तिचं चित्रही आलं. मुलींनी पेन्सिल आडवी धरून कडी मोजली. एकीने विचारलं, ‘काका, हे शाळेत कावून शिकवत नाहीत?’

त्या पोरीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही काही जण कामाला लागलो आहोत. बारवेसाठी ज्यांनी टोपल्या उचलल्या त्यांच्यातल्याच काहींशी बोलणं झालं आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा: शाळेला चित्रकलेचा शिक्षक द्यावा, रेखाकला परीक्षेचं केंद्र वालूरलाच व्हावं म्हणजे मुलींना दोन दिवस सेलूच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत, आणि पंचायतीच्या पैशातून वीस ड्रॉइंग बोर्ड घ्यावेत. बोर्ड गावातला सुतार करून देतो म्हणाला आहे, प्लायचा, कड घासलेला.